घाट उतरताना चेपलेली बाटली

बेळगावहून मालवणला जाणाऱ्या गाडीत एक प्रकार हमखास घडतो. आंबोलीला चहासाठी थांबेपर्यंत पाण्याची बाटली संपलेली असते. बूच घट्ट लावून ती मागच्या सीटवर टाकली जाते. घाट उतरून सावंतवाडी जवळ येते आणि मागून ‘टक्क’ असा आवाज येतो. बघावे तर बाटलीच्या पोटाला खळगा. तिच्यावर कोणी बसलेले नसते. परतीच्या वाटेवर नेमके उलटे होते. मालवणच्या दुकानात घेतलेले वेफर्सचे पाकीट घाट चढून वर आले की उशीसारखे टम्म फुगते. निपाणीकर संकेश्वर, गडहिंग्लज, आजरा करत याच आंबोलीतून खाली उतरतात. त्यांनीही हे पाहिलेले असते.

पाण्याखाली कॅमेरा नेण्याचे निम्मे शास्त्र या बाटलीत आहे. कॅमेरा कुठला घ्यावा, तो कसा जपावा, प्रवासात कसा न्यावा, या प्रश्नांची वाट तिथूनच निघते. मालवण, गोव्याचे ग्रँड बेट आणि मुर्डेश्वरजवळचे नेत्राणी, ही तिन्ही ठिकाणे आपल्या भागातून एका दिवसाच्या प्रवासात गाठता येतात. त्यामुळे घाट उतरून समुद्रात बुडी मारायची आणि पुन्हा घाट चढायचा, हे आपल्याकडे आता नवलाचे राहिलेले नाही.

हवेचे ओझे, पाण्याचे ओझे

आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो. समुद्रकाठी डोक्यावर हवेचा पूर्ण थर असतो आणि तो प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलोचा भार टाकतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे. खालचा तेवढा थर आपल्या डोक्यावर नसतो, म्हणून इथला हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा आठ-नऊ टक्के कमी भरतो. आंबोलीत बूच लावलेल्या बाटलीत तिथली विरळ हवा कोंडली जाते. खाली उतरताना बाहेरचा दाब वाढतो, आतला तेवढाच राहतो, आणि बाहेरची हवा प्लॅस्टिकला आत ढकलते.

एवढा घाट उतरून आठ-नऊ टक्के फरक पडतो. समुद्रात मात्र फक्त दहा मीटर खाली गेले की आख्ख्या वातावरणाइतका दाब नव्याने अंगावर येतो, कारण पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट जड आहे. म्हणजे दहा मीटरवर दाब दुप्पट, वीस मीटरवर तिप्पट.

कॅमेरा ज्या जलरोधक पेटीत घालतात तिला हाऊसिंग म्हणतात. तिचे मागचे झाकण पंधरा सेंटिमीटर लांब आणि दहा सेंटिमीटर रुंद धरा. क्षेत्रफळ १५० चौरस सेंटिमीटर. दहा मीटर खोलीवर त्या झाकणावर १५० किलोचा जादा भार पडतो, म्हणजे सिमेंटची तीन पोती. पेटीच्या भिंती हे ओझे आरामात पेलतात. खरा प्रश्न झाकण आणि पेटी यांच्यामधल्या फटीचा आहे. त्या फटीत पाणी आणि कॅमेरा यांच्यामध्ये उभी असते एक रबरी रिंग.

उद्यमबागेतली ओळखीची वस्तू

या रिंगचे नाव ओ-रिंग. बेळगावच्या उद्यमबागेत काम केलेल्या कोणालाही तिची ओळख करून द्यावी लागत नाही. हे शहर फौंड्रीचे आणि हायड्रॉलिक्सचे. पंप, व्हॉल्व्ह, सिलिंडर यांतले तेल जिथे तिथे ओ-रिंगनेच अडवलेले असते. मूळचे डेन्मार्कचे आणि अमेरिकेत स्थायिक झालेले नील्स ख्रिस्टेन्सन यांना १९३९ मध्ये या रिंगचे अमेरिकी पेटंट मिळाले. आज ती नळाच्या तोटीपासून रॉकेटपर्यंत सगळीकडे आहे.

माझ्या पहिल्या हाऊसिंगमध्ये तारकर्लीच्या समुद्रात पाणी शिरले ते जेमतेम तीन मीटरवर. पडद्यावर आधी धूसर पट्टा आला, मग चित्र गेले. मला वाटले, रिंग निकामी निघाली. बेळगावला परत आल्यावर ती घेऊन मी एका हायड्रॉलिक्सच्या वर्कशॉपमध्ये गेलो. तिथल्या जुन्या फिटरकाकांनी रिंग चिमटीत धरून बोटांमधून सावकाश सरकवत पूर्ण फिरवली. डोळे दुसरीकडेच होते, काम सगळे बोटांच्या टोकांचे. मग हाऊसिंग उजेडाकडे तिरके धरले आणि म्हणाले, “रिंगेला काय झालं न्हाई बाळा. खाच बघ की.” खाचेत एक केस आडवा पडला होता. माझाच असावा.

उद्यमबागेत हीच रिंग शंभर बारच्या, म्हणजे जवळपास शंभर वातावरणांच्या, दाबाचे तेल रोखते. माझ्या कॅमेऱ्यावर त्या वेळी एक तृतीयांश बारही जादा दाब नव्हता. तरी ती हरली. का हरली, हे समजले की निगा कशी राखायची ते पाठ करावे लागत नाही.

खोल गेल्यावर रिंग घट्ट का बसते

ओ-रिंग ज्या खाचेत बसते ती खाच रिंगच्या जाडीपेक्षा थोडी उथळ ठेवलेली असते. झाकण बंद झाले की गोल रिंग किंचित चपटी होते आणि दोन्ही बाजूंना चिकटून बसते. हा झाला पहिला दाब, तुमच्या हाताने दिलेला. पुढचे काम पाणी स्वतःच करते. रबर दाबाखाली घट्ट मळलेल्या कणकेसारखे वागते. एका बाजूने रेटले की ते मागच्या भिंतीवर जाऊन पसरते आणि फट अधिकच बुजवते. पाणी जितके जोर लावेल तितकी रिंग घट्ट बसते.

म्हणूनच नव्या माणसाला उलटी वाटणारी गोष्ट खरी आहे: हाऊसिंगला खोल पाण्यापेक्षा उथळ पाण्यात जास्त धोका असतो. पहिल्या दोन-तीन मीटरांत रिंग अजून पुरती रेटली गेलेली नसते. बोटीवरून उडी मारताना पेटीला धक्का बसतो, लाट आदळते, आणि पाणी शिरायचे असेल तर बहुधा तेव्हाच शिरते.

केसाची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी. पण रबर कितीही मऊ असले तरी केसाच्या दोन्ही कडांशी अगदी कोपऱ्यापर्यंत पोहोचत नाही. तिथे दोन बारीक बोगदे उरतात आणि पाण्याला तेवढे पुरते. वाळूचा कण, रुमालाचा धागा, वाळलेल्या मिठाचा खडा, सगळ्यांची करामत हीच.

रिंगची आंघोळ

डायव्हच्या आदल्या रात्री मी पंखा बंद करतो, टेबलावर धागे न सुटणारे कापड पसरतो आणि हात धुऊन बसतो. रिंग काढायला सुई, टाचणी किंवा स्क्रू-ड्रायव्हर कधीच नाही. रबराला पडलेला ओरखडा भरून येत नाही. रिंगच्या एका बाजूला दोन बोटांनी दोन्हीकडून एकमेकांकडे ढकलले की मध्ये तिचा फुगा वर उचलला जातो, तो धरायचा. नाहीच जमले तर जुन्या एटीएम कार्डाचा गोलसर कोपरा.

मग फिटरकाकांची रीत. डोळे बाजूला ठेवायचे आणि रिंग चिमटीतून फिरवायची. डोळ्यांना न दिसलेला कण बोटाला लागतो. खाच कोरड्या मऊ ब्रशने किंवा फोमच्या काडीने पुसायची. कापसाची काडी नको, ती स्वतःच धागे सोडते. झाकणाचा जो भाग रिंगवर टेकतो तोही पुसायचा. बहुतेकांचे तिकडे लक्षच जात नाही.

ग्रीसबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. ग्रीस पाणी अडवत नाही, ते रबर अडवते. ग्रीसचे काम एवढेच की रिंग खाचेत न मुरगळता सरकावी. मुगाच्या दाण्याएवढे ग्रीस एका रिंगला पुष्कळ झाले. रिंग ओलसर चमकली पाहिजे, पण ग्रीसचा थर दिसता कामा नये. थर असला की कचरा त्यालाच चिकटतो. ग्रीस हाऊसिंगच्या कंपनीने सांगितलेलेच वापरा. काही रिंग सिलिकॉनच्या असतात आणि चुकीच्या सिलिकॉन ग्रीसने त्या फुगतात. पेट्रोलियम जेली, खोबरेल किंवा गाडीचे ग्रीस यांना इथे जागा नाही.

रबर म्हातारेही होते. उन्हाने तडकते, आणि कायम दाबलेले राहिले की चपटे होऊन तसेच राहते. थंडीने ते कडक होते हे जगाने २८ जानेवारी १९८६ रोजी पाहिले. त्या दिवशी चॅलेंजर यान कोसळले, कारण गारठलेल्या ओ-रिंगला वेळेत फट बुजवता आली नाही. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी चौकशीच्या वेळी तसल्या रबराचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवून सगळ्यांसमोर दाखवला. आपल्याकडे तेवढी थंडी नाही, पण मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत रबराचे जे हाल होतात ते कमी नाहीत. घरी ठेवताना झाकण सैल, रिंग काढून वेगळ्या डबीत. मुख्य रिंग साधारण वर्षाला बदलावी.

> चौकट: कॅमेरा घालण्याआधी
>
> पंक्चरवाला ट्यूब टबात धरून बुडबुडे बघतो, तीच ही परीक्षा. हाऊसिंग रिकामेच बंद करा, आत कोरडा कागदी रुमाल ठेवा, बादलीत बुडवून धरा आणि प्रत्येक बटण दाबा. सतत निघणारी बुडबुड्यांची माळ दिसली तर थांबा. बाहेर काढून पेटी पुसा, मग उघडा. रुमाल कोरडा हवा.
>
> महागड्या हाऊसिंगला छोटा हातपंप जोडता येतो. तो आतली थोडी हवा काढून घेतो. हाऊसिंगमधला सूचक दिवा काही वेळ हिरवा राहिला तर गळती नाही. शिवाय रिंग कोरड्या जमिनीवरच घट्ट बसते आणि पहिल्या दोन-तीन मीटरांची भीती बरीच कमी होते.

या पंपाचे काम घाटही आपल्याला थोडेसे फुकट करून देतो. जानेवारीतल्या बेळगावच्या कोरड्या, गार हवेत हाऊसिंग बंद केले आणि किनाऱ्यावर नेले, तर बाटलीसारखेच त्याचे झाकण बाहेरच्या हवेने दाबले जाते. आपल्या १५० चौरस सेंटिमीटरच्या झाकणावर हा भार बारा-तेरा किलोंच्या आसपास येतो. आतली हवा तापली तर थोडा कमी. मग मालवणात कॅमेरा उघडायला गेलात आणि झाकण हलेना, तर घाबरू नका आणि स्क्रू-ड्रायव्हरही घालू नका. हवा सोडण्याचा स्क्रू असेल तर तो सैल करा. नसेल तर एका कोपऱ्यात नखाने अलगद फट करा, सूं करून हवा आत जाईल.

कोरड्या हवेचा दुसराही फायदा आहे. गार पाण्याच्या स्टीलच्या पेल्याला बाहेरून घाम फुटतो, तसा हाऊसिंगच्या काचेला आतून फुटतो. कॅमेरा चालून आतली हवा गरम होते, काच समुद्राने गार राहते आणि हवेतली वाफ काचेवर जमते. किनाऱ्याच्या दमट हवेत पेटी बंद केली की हे ठरलेलेच. म्हणून ती एसी खोलीत बंद करायची आणि आत सिलिका जेलची पुडी ठेवायची, रिंगपासून दूर.

कॅमेरा कुठला?

आधी माझे स्पष्ट मत: पहिल्या डायव्हला काहीच नेऊ नका. पाण्यात स्थिर तरंगता येत नसेल तर हातातला कॅमेरा तुम्हाला प्रवाळावर उभे राहायला लावतो. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र १९८७ पासून मालवण सागरी अभयारण्य आहे. वर्षाला मिलिमीटरांनी वाढणारे प्रवाळ एका पायाने मोडते, आणि मोडलेले मी पाहिले आहे. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे. आधी तिथे किंवा अन्यत्र शिकून घ्या, खर्च तिथे करा.

‘वॉटरप्रूफ’ मोबाइलवर विसंबू नका. त्याची कसोटी प्रयोगशाळेतल्या स्थिर गोड्या पाण्यात घेतलेली असते. खारे पाणी, लाटांचा मार आणि एकदा पडून वाकलेली कड हे त्या कसोटीत नसते.

सुरुवातीला ॲक्शन कॅमेरा उत्तम. गोप्रोचे अलीकडचे कॅमेरे नुसते १० मीटरपर्यंत आणि कंपनीच्या हाऊसिंगमध्ये ६० मीटरपर्यंत चालतात. ओएम सिस्टिमचा टीजी-७ हा छोटा कॅमेरा नुसता १५ मीटरपर्यंत चालतो आणि अगदी जवळून फोटो काढण्यात तरबेज आहे. नुसता चालत असला तरी हाऊसिंग घ्याच, कारण त्यामुळे समुद्रापुढे एकाऐवजी दोन भिंती उभ्या राहतात. मोठे मिररलेस कॅमेरे पुढची पायरी; त्यांचे ॲल्युमिनियमचे हाऊसिंग अनेकदा कॅमेऱ्यापेक्षा महाग पडते आणि ते त्या एकाच मॉडेलला बसते. कॅमेरा बदलला की पेटीही गेली.

पण मेगापिक्सेलच्या आधी दोन गोष्टी समजून घ्या.

पहिली, रंग. पाण्यातून जाताना उजेडाला प्रत्येक मीटरला टोल द्यावा लागतो. कोगनोळीसारखा एखादा नाका नाही, मीटरागणिक नाका. लाल रंगाचे पाकीट सगळ्यात लहान. पाच-सात मीटरांत ते बहुतेक रिकामे होते. मग नारिंगी, पिवळा. निळा सगळ्यात लांब पोहोचतो. म्हणून खोल पाण्यात कापलेल्या बोटातले रक्त हिरवट काळे दिसते. हा टोल वरून खालीच लागतो असे नाही, आडवाही लागतो. तीन मीटर खोल असलेला मासा तुमच्यापासून दोन मीटर दूर असेल तर उजेडाचा प्रवास पाच मीटरांचा झाला. लाल फिल्टर काही अंशी समतोल साधतो, पण संपलेला रंग परत आणू शकत नाही. तो आणायचा तर उजेड स्वतःबरोबर न्यावा लागतो आणि जवळ जावे लागते. हातभर अंतरावरून काढलेला साधा फोटो चार मीटरवरून काढलेल्या महागड्या फोटोला हरवतो.

दुसरी, धुके. आंबोलीच्या पावसाळी धुक्यात हाय-बीम लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते, रस्ता दिसत नाही. मालवणचे पाणी पुष्कळदा असेच कणांनी भरलेले असते. लेन्सच्या शेजारचा फ्लॅश त्या कणांना उजळवतो आणि फोटोत बर्फ पडल्यासारखे ठिपके येतात. उपाय घाटातलाच: दिवा खाली आणि बाजूला. व्हिडिओ लाइट किंवा स्ट्रोब (म्हणजे सुटा फ्लॅश) लांब दांड्यावर लावून बाजूने तिरका टाकायचा, म्हणजे मासा उजळतो आणि मधले कण अंधारात राहतात. म्हणून पैसे थोडेच असतील तर साधा कॅमेरा आणि चांगला दिवा घ्या.

काचेबद्दल थोडक्यात. पाण्यात वस्तू पाव अंतर जवळ आणि एक तृतीयांश मोठी भासते. विहिरीत पाय सोडले की ते आखूड दिसतात, तोच प्रकार. सपाट काचेमागची लेन्सही फसते आणि तिची नजर अरुंद होते. घुमटाच्या आकाराची काच ती नजर परत रुंद करते. छोट्या जीवांसाठी सपाट काच चांगली, किल्ल्याच्या तटाखालच्या खडकांचे रुंद दृश्य टिपायला घुमट.

विमान, गाडी आणि बॅटरी

अंदमान किंवा लक्षद्वीपला जाताना विमान लागते. विमानाच्या केबिनमध्ये दाब साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीच्या डोंगराइतका कमी ठेवतात, आणि सामानाच्या कप्प्यातही तेच. बंद हाऊसिंग तिथे वेफर्सच्या पाकिटासारखे बाहेर ताणते, आणि ओ-रिंगची रचना असते बाहेरून येणाऱ्या रेट्यासाठी. म्हणून रिंग काढून झाकण सैल ठेवा किंवा हवेचा स्क्रू उघडा ठेवा.

सुट्या लिथियम बॅटऱ्या नेहमी हातातल्या बॅगेत, टोकांना चिकटपट्टी लावून. सामानाच्या कप्प्यात त्या पेटल्या तर विझवायला कोणी नसते. मर्यादा वॉट-अवरमध्ये मोजतात: व्होल्टला अँपिअर-अवरने गुणा. ३.६ व्होल्ट आणि ५ अँपिअर-अवरचा सेल १८ वॉट-अवर होतो. १०० च्या आत असेल तर सहसा अडचण नसते. १०० ते १६० ला विमान कंपनीची परवानगी लागते. टॉर्चमधली बॅटरी काढून वेगळी ठेवा. चुकून सुरू झालेला जोरदार दिवा पाण्याबाहेर बॅग जाळू शकतो.

गाडीने जाताना हाऊसिंग डिकीत नको, थर्माकोलच्या पेटीत घालून सीटखाली ठेवा.

परतीची रात्र

डायव्ह संपल्यावर कॅमेऱ्याला पाण्याबाहेर वाळू द्यायचे नाही. ओले मीठ पाण्यात विरघळून जाते, वाळलेले मीठ बटणांच्या दांड्यांभोवती खडे धरते आणि तिथल्या बारीक रिंग कापते. बोटीवरच ओल्या टॉवेलात गुंडाळा. खोलीवर येताच गोड्या पाण्याच्या बादलीत बंद हाऊसिंग तासभर बुडवा आणि एकेक बटण वीस-वीस वेळा दाबा, म्हणजे दांडीमागचे मीठ सुटेल. बोअरच्या जड पाण्याने पांढरे डाग राहतात. शेवटची धार पिण्याच्या पाण्याची द्यावी. सावलीत वाळवा आणि पूर्ण वाळल्यावरच उघडा.

यासाठी मालवणात एक रात्र जाते. ती जाऊ द्या, कारण ती तुमच्या शरीरालाही लागते. दाबाखाली श्वास घेताना हवेतला नायट्रोजन रक्तात आणि मांसात विरघळतो, सोडावॉटरच्या बाटलीत वायू विरघळवलेला असतो तसा. वर आल्यावर तो सावकाश बाहेर पडतो. तो पुरता निघण्याआधी कमी दाबाच्या जागी गेले तर बूच उघडल्यासारखे बुडबुडे होऊ शकतात. सांधे दुखतात, आणि वाईट प्रसंगी पाठीच्या कण्यालाही इजा होते. एका डायव्हनंतर निदान १२ तास आणि अनेक डायव्ह केल्यास १८ तास विमानात बसू नये, असे डायव्हर्स अलर्ट नेटवर्क ही डायव्हरांच्या सुरक्षिततेसाठी काम करणारी संस्था सांगते. हा नियम साधारण ६०० मीटरच्या पुढच्या उंचीला लागू धरतात. आंबोली त्याहून उंच आहे, बेळगावही. सकाळी दोन डायव्ह आणि संध्याकाळी घाट चढून घरी, हा बेत आपल्या भागातले कितीतरी जण करतात आणि त्यांना यातले कोणी सांगत नाही. उथळ पाण्यातल्या पंधरा मिनिटांच्या बुडीत विरघळलेला नायट्रोजन थोडा असतो, तरी डायव्ह शिकवणाऱ्याला आपण घाटावर राहतो हे सांगा आणि वेळ विचारून घ्या.

मी रात्री कॅमेरा बादलीत ठेवतो, मग पंख्याखाली वाळवतो. सकाळी निघताना झाकणाचा खटका उघडा असतो आणि रिंग तिच्या डबीत. गाडी सावंतवाडी सोडते, दाणोलीच्या पुढे वळणे सुरू होतात, आणि मागच्या सीटवरचे वेफर्सचे पाकीट हळूहळू फुगू लागते.